लाल डोक्याचं इंजिन

जयनगर, बंगळूर
२१ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
बिंदूचा साष्टांग नमस्कार.

रविवारपासून तू फोन उचलत नाहीस. काल दोन बस बदलून महादेवपुऱ्याला आलो, तर किरणने दारातूनच सांगितलं, "मामा, आत्ता नको. आई पडलीय." आतून मिक्सरचा आवाज येत होता. पडलेली माणसं चटणी वाटत नाहीत, एवढं मला कळतं. म्हणून हे पत्र.

जुन्या मोटारींच्या मेळाव्यात जे झालं त्याची मी माफी मागतो. अगदी मनापासून. माइक हातात आला की माझ्या जिभेला हाड राहत नाही, हे तुला नवीन नाही. पण अक्का, स्वल्प माझी बाजूही ऐकून घे. किरणने भावोजींच्या गाडीपुढे पाटी लावली होती: 'व्हाल्दोरा. लाल डोक्याचं इंजिन.' आता या क्लबात व्हाल्दोराविषयी काही अडलं तर लोक पुस्तक उघडत नाहीत, मला विचारतात. त्या कारखान्याने सहा सिलिंडरचं हे एकच इंजिन तीन तऱ्हांनी काढलं. रोजच्या गाडीला काळं डोकं, म्हणजे इंजिनावरचं झाकण काळं, आणि कार्ब्युरेटर दोन. लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी हिरवं डोकं, त्याला तेलाची टाकी मोठी. आणि निव्वळ वेगासाठी लाल डोकं. त्याला कार्ब्युरेटर तीन, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन प्लग. लाल डोकी सगळ्या जगात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. भावोजींच्या गाडीचं डोकं लाल आणि कार्ब्युरेटर मात्र दोन! असं इंजिन झालंच नाही कधी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. गप्प बसलो असतो तर माझी काय पत राहिली असती? म्हणून मी झाकण नखाने खरवडलं. खाली काळं निघालं. ते मी लोकांना दाखवलं.

आणि मग ते वाक्य तोंडातून गेलं. "रघुजींच्या दुकानातल्या कापडाचा रंग पक्का, पण इंजिनाचा कच्चा निघाला!" लोक खो-खो हसले. मीही हसलो. तेवढ्यात तू पहिल्या रांगेतून उठलीस आणि पदर सावरत निघून गेलीस.

भावोजींना जाऊन चार वर्षं झाली, तरी चिकपेटेच्या बाजारात अजून म्हणतात की रघुजींकडचं कापड घ्या, रंग जाणार नाही. त्यांचं नाव खराब करावं असं माझ्या मनात कसं येईल? चेष्टा होती गं. मेहुण्याने भावोजींची करायची नाही तर कुणाची करायची?

शनिवारी नेहमीसारखा जेवायला येतो. वांगं असलं तर बरं.

तुझा,
बिंदू

•

महादेवपुरा
२७ जानेवारी

चि. बिंदूस आशीर्वाद.

मी फोन उचलत नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात तरी माझं वाक्य पुरं होईल.

शनिवारी तू आलास आणि बेल वाजवत राहिलास. मी घरातच होते. यापुढे येऊ नकोस. बायको गेल्यापासून दर शनिवारी तू इथे जेवतोस, ते ताट मी आता वाढणार नाही.

तुझी माफी वाचली. दोन ओळी माफीच्या आणि बाकी सगळं कार्ब्युरेटरचं. चेष्टा म्हणतोस. मेलेल्या माणसाची चेष्टा कसली रे? त्याला उलटून बोलता येत नाही. किरणच्या क्लबातल्या पोरांनी फोनवर ह्यांच्या फोटोखाली 'कच्चा रंग' असं लिहून फिरवलंय. किरणने गाडी खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवलीय. तिच्याजवळून जाताना तो मान वळवतो.

एकच विचारते. नखाने जो रंग तू काढलास, तो कसला होता ते तुला खरंच कळलं नाही?

अक्का

•

जयनगर
३१ जानेवारी

ती. अक्कास,
सा. न.

तू रागावलीस तरी मुद्द्याचं विचारलंस, याचा मला आनंद झाला. रंग कसला? मीही त्याचाच विचार करत होतो.

ऐक. कारखान्याचा लाल रंग भट्टीत भाजलेला असायचा. त्यावर बारीक सुरकुत्या असतात, हात फिरवला की वाळलेल्या चिंचेच्या सालीसारखा लागतो. तो नखाने निघणं शक्यच नाही, पटाशी लागेल. भावोजींच्या गाडीवरचा थर जाड होता, मऊ होता, आणि बोटाला लागला की चोळला जात होता. माझ्या नखात जो अडकला तो मी घरी येऊन कागदावर काढून पाहिला. त्याला तिळाच्या तेलाचा वास येतो. म्हणजे रंगात भलतंच तेल मिसळलेलं. थरही एक नाही, पुष्कळ आहेत, एकावर एक. कुणीतरी वर्षानुवर्षं हे काम केलेलं आहे. माझा अंदाज असा की एखाद्या गॅरेजवाल्याने भावोजींना टोपी घातली असावी. स्वस्तातला रंग दर वेळी नव्याने फासून द्यायचा आणि म्हणायचं, बघा साहेब, चकचकीत लाल!

तर यात भावोजींचा दोष नाही असं मी मानायला तयार आहे.

अक्का, परवाच्या शनिवारी खालच्या हॉटेलातून चित्रान्न आणलं. त्यात शेंगदाणे होते की खडे, कोण जाणे. तू दार उघडलं नाहीस तेव्हा शेजारची बाई बाहेर येऊन म्हणाली, "सार, त्या आहेत आत." तिला काय सांगू? "हो, माहीत आहे" म्हटलं आणि जिना उतरलो. या वयात बहिणीच्या दारातून परत जायची पाळी यावी, फार अपमान वाटला.

बिंदू

•

महादेवपुरा
६ फेब्रुवारी

चि. बिंदूस,

तुझा अपमान झाला म्हणे. बरं.

तो रंग नव्हता. कुंकू होतं.

इथे बंगळुरात सगळे आयुधपूजा म्हणतात, आपल्या घरात खंडेनवमी. दुकानातल्या कात्र्या, गज, वजनं, सगळ्याला हळदकुंकू लागायचं आणि शेवटी गाडीला. माझ्या सासूबाई टिकली लावून थांबायच्या नाहीत. तिळाच्या तेलात कुंकू कालवायच्या आणि देवाला शेंदूर चढवतात तसं झाकणभर लावायच्या. इंजिन तापलं की ते तिथेच बसायचं. पुढच्या नवमीला त्याच्यावर दुसरं. त्या गेल्यावर मी लावत आले. ह्यांनी कधी कुणा मेकॅनिकला ते पुसू दिलं नाही.

तू आमच्याकडे नवमीला जेवायला येतोस ते पानं मांडल्यावर. पूजेच्या वेळी खाली कधी आला आहेस? पण कुंकू तर तुझ्याही देवघरात आहे ना? तेलात कालवलेल्या कुंकवाचा वास येतो आणि तू मला गॅरेजवाल्याची गोष्ट सांगतोस. अतिशहाणा तो अतिशहाणाच.

आणखी एक सांगते, कधी कुणाला सांगितलं नाही. हे गेले तेव्हा बायकांनी माझ्या कपाळाचं पुसलं. मी पुसू दिलं. चालतच आलंय. पण त्या वर्षी नवमीला मी कुंकवाचा करंडा घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले, बॉनेट उघडायला लावलं आणि झाकणाला कुंकू लावलं. किरणची बायको भव्या बघत होती. चारही वर्षं लावलं. माझ्या हाताला कुंकू लागण्याची तेवढी एकच जागा उरली होती, बिंदू. ते तू भर सभेत नखाने उकरलंस आणि लोकांना बोट दाखवलंस.

आता कार्ब्युरेटर किती ते सांग.

अक्का

•

जयनगर
२६ फेब्रुवारी

ती. अक्कास,

वीस वेळा लिहायला बसलो आणि उठलो. तुझं पत्र वाचून पाण्याहून पातळ झालो. देवघरातला कुंकवाचा करंडा उघडून वास घेतला. तोच वास. आणि त्याच वासाचं मी तुला वर्णन करून पाठवलं होतं, थर मोजल्याच्या थाटात! मला माझी शरम वाटते. आरशापुढे उभं राहून दाढी करायचीही शरम वाटते. लोकांचं सोड, तुझा हात मला ओळखू आला नाही.

क्लबाच्या माणसांनी फोन केला की पुढच्या मेळाव्याचं सूत्रसंचालन तुम्हीच करा. नाही म्हणालो नाही, हो पण म्हणालो नाही. मग एक विचार आला. ज्या माइकवर भावोजींचं नाव गेलं त्याच माइकवर ते परत आणायचं. मी सगळ्यांना नीट समजावून सांगेन, की मित्रहो, रघुजीराव लबाड नव्हते. ते कापडाचे व्यापारी, सरळ साधे गृहस्थ, त्यांना बिचाऱ्यांना इंजिनातलं काय कळणार? पूजेचं कुंकू बघून त्यांना वाटलं की आपलं इंजिन लाल डोक्याचं. म्हणून ते तसं सांगत राहिले. अज्ञानातून झालेली निष्पाप चूक, आणि आपण सगळ्यांनी ती मोठ्या मनाने पोटात घालावी. मी तर घातलीच आहे.

एवढं सांगितलं की पोरंही तो फोटो फिरवायचं थांबवतील. तुझी परवानगी असेल तर तसं करतो. आणि मग एखाद्या शनिवारी, तुला वाटलं तर.

बिंदू

•

महादेवपुरा
३ मार्च

बिंदू,

अय्यो, मोठ्या मनाने पोटात घालतोस? तू? ह्यांची चूक?

तुझं पत्र मी किरणला वाचायला दिलं. तो म्हणाला, "आई, मामा चांगल्या मनाने लिहितायत." मी म्हटलं, तेच तर. मग त्याला जे सांगितलं ते आता तुला सांगते. इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण ह्यांनी मला शपथ घातली होती. आज मोडते.

ह्यांनी आयुष्यात एकदाही म्हटलं नाही की इंजिन लाल डोक्याचं आहे. ते तू म्हणालास.

माझ्या लग्नात. बसवनगुडीचा मांडव आठवतो? वरात दारात आली आणि गाडी तापून वाफ सोडायला लागली. बॉनेट उघडलं. तू तेव्हा कॉलेजात, परदेशी मासिकं वाचून डोकं फिरलेलं. वाकून बघितलंस आणि दोन्ही हात वर करून ओरडलास, "अहो, हे लाल डोक्याचं व्हाल्दोरा आहे! देशात दुसरं नसेल!" सगळा मांडव तुझ्याभोवती. आपले बाबा छाती फुगवून उभे. सासूबाईंना हसू आवरेना. त्या म्हणायला लागल्या, "अरे मुला, ते तर..." आणि ह्यांनी आईचा हात दाबला. हळू म्हणाले, "आई, सुम्ने राहा, बोलू नकोस. नवरीचा भाऊ आहे. मांडवात त्याचं हसं होता कामा नये." मी शेजारीच होते, मुंडावळ्यांआडून ऐकलं. घटकाभराने त्याच माणसाचा कान तू कानपिळीला पिळलास, आणि तोही जोरात.

तेव्हापासून तू मित्र घेऊन यायचास, भावोजी बॉनेट उघडा म्हणायचास. हे हातातलं गिऱ्हाईक सोडून उठायचे, बॉनेट उघडायचे आणि बाजूला उभे राहायचे. मी एकदा चिडले. म्हटलं, सांगून टाका ना त्याला. हे म्हणाले, "चारचौघांत तो कसा फुलतो बघ. आपलं काय जातं?" पुढे तूच शहाणा झालास, तीन कार्ब्युरेटरचं वाचलंस, आणि तू सांगितलेलं त्यांच्या नावावर जमा केलंस. किरणने पाटी लिहिली ती कुणाचं ऐकून? लहानपणी तुझ्या मांडीवर बसून ऐकलं होतं त्याने.

तुझी लाज त्यांनी जन्मभर झाकली. तू ती त्यांची म्हणून चव्हाट्यावर मांडलीस.

तुला माइक पाहिजे ना? घे. हे सगळं जसंच्या तसं सांग. सांगशील त्या दिवसापर्यंत मला अक्का म्हणू नकोस.

भागीरथी

•

जयनगर
७ एप्रिल २०२५

अक्का,

सांगितलं. म्हणून अक्का लिहितो.

आधी हे लिहितो की मला तो मांडव आठवत नव्हता. तुझं पत्र हातात धरून आठवू लागलो, तर वाफ आठवली, बाबांचा फेटा आठवला, माझा ओरडा काही आठवेना. मी खोटं ठरवायला निघालो होतो तुला, खरं सांगतो. कपाटातली जुनी मासिकं काढली, तुझ्या लग्नाच्या आधीची. त्यांत लाल डोक्याचं नुसतं चित्र आहे, कार्ब्युरेटरविषयी एक अक्षर नाही. म्हणजे तेव्हा मी लाल दिसलं की ओरडणारच. आणि मग तो सगळा मांडव आठवला, भावोजी माझ्याकडे बघून हसत होते तेही. मला तेव्हा वाटलं होतं की आपल्या ज्ञानावर खूश झालेत.

उगादीला घरीच बसलो. कडुनिंब आणि गूळ खाल्ला, गूळही कडू लागला.

काल मेळावा झाला. मी माइक घेतला. सुरुवातीला सवयीने छातीतून आवाज काढला आणि मग तो बसला. मी म्हटलं की मागच्या वेळी रघुजीरावांच्या इंजिनावरून जे मी खरवडलं ते माझ्या बहिणीच्या हातचं कुंकू होतं. म्हटलं की इंजिन काळ्या डोक्याचं आहे, कारखान्यातून आलं तसंच आहे, त्याला कुणीही रंग दिलेला नाही. ते लाल आहे असं भावोजी कधीच म्हणाले नव्हते, मी म्हणालो होतो, त्यांच्याच लग्नात, आणि माझं हसं होऊ नये म्हणून ते मरेपर्यंत गप्प राहिले. मग मीच त्यांना तुमच्यासमोर खोटं पाडलं.

मग मागून क्लबातला तो विराट नावाचा पोरगा ओरडला, "म्हणजे सार, कुंकवाला तुम्ही शर्यतीचं इंजिन समजलात?" आणि हशा पिकला. मागच्यापेक्षा मोठा. मी म्हटलं, "होय." दुसरं काय म्हणणार? कुणीतरी 'कुंकू मास्तर' म्हणालं, ते आता माझं नाव पडलं. मी खाली बघत उभा होतो. एक सांगू? त्या हसण्याने बरं वाटेल असं मला वाटलं होतं, प्रायश्चित्त झाल्यासारखं. नाही वाटलं. भावोजींना यातलं काहीच ऐकू गेलं नाही. मला जे सांगायचं होतं ते त्यांना सांगायचं होतं, आणि चार वर्षं उशीर झाला. त्यांच्या हयातीत मी त्यांना त्या गाडीविषयी एक प्रश्न विचारला नाही. नुसती माहिती दिली.

किरण मागे फोन धरून उभा होता. माझ्याशी बोलला नाही. माइक मी क्लबाला परत दिला, आता कायमचा.

येऊ का, असं विचारत नाही. विचारायचं तोंड नाही.

बिंदू

•

महादेवपुरा
१० एप्रिल

चि. बिंदूस अनेक आशीर्वाद.

तुझं बोलणं किरणने फोनवर काढून आणलं होतं. मी म्हटलं, दाखव. चष्मा पुसून बसले. तू बोललास ते सगळं ऐकलं. एक शब्द खाल्ला नाहीस, एक शब्द वाढवला नाहीस. तुझ्या तोंडून एवढं थोडं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग ते लोक हसायला लागले. इतके दिवस मी त्याचीच वाट बघत होते, बिंदू. मनाशी म्हणत होते, कळू दे त्याला, लोक हसतात तेव्हा कसं होतं. आता माझा जीव निवेल असं वाटलं. तू मान खाली घालून उभा, टक्कल दिसतंय, हातातला माइक कुठे ठेवावा ते कळत नाहीये. मला बघवेना. किरणला म्हटलं, बंद कर. त्याने बंद केलं आणि उठून गॅलरीत गेला.

हे असते तर माझ्यावर रागावले असते. तुझ्यावर नाही, माझ्यावर. मांडवात आईचा हात दाबला तो कशासाठी? माझ्या भावाला चारचौघांत कुणी हसू नये म्हणून. तेवढं एक त्यांनी आयुष्यभर सांभाळलं. बेचाळीस वर्षं मीही सांभाळलं. आणि शेवटी मीच तुला तिथे उभं केलं. तू त्यांचं नाव घालवलंस ते न कळता. मी त्यांचा शब्द मोडला तो पुरतं कळून. ह्यांच्या फोटोला हार घालायला हात उचलत नाही माझा. लाज काय तुझ्या एकट्याच्या वाट्याची आहे? अर्धी माझ्याकडे दे.

विराटला किरणने फोन करून झापलं. काय बोलला ते मला सांगत नाही, पण तो 'कच्चा रंग'वाला फोटो काढून टाकला म्हणे. तुझ्याशी बोलायचं कसं ते त्याला कळत नाहीये, तुझाच भाचा. तू आधी बोल.

शनिवारी तू येऊ नकोस. मीच येते जयनगरला. मी म्हटलं रिक्षाने जाते, तर किरण खाली गेला आणि गाडीचं कव्हर काढून आला. गाडीनेच यायचं ठरलं. भाजी-भाकरी घेऊन येईन, तू भात तेवढा लावून ठेव, आणि स्वल्प मऊ लाव, माझे दात आता राहिले नाहीत. तुझ्या गल्लीत गाडी शिरली की माणसं जमणारच. कुणी विचारलं की हे कुठलं इंजिन, तर मी सांगेन. तू माझ्या शेजारी नुसता उभा राहा. कुणी हसलं तर मी बघून घेईन.

तुझी,
अक्का